गवताची तीनशे छायाचित्रे

वन्यप्राण्यांची छायाचित्रे माणसाच्या अनुपस्थितीत आपोआप टिपणाऱ्या यंत्राला शास्त्रीय ग्रंथांत ‘कॅमेरा ट्रॅप’ म्हणतात, वनखात्यातले वनरक्षक तेच शब्द उलटवून ‘ट्रॅप कॅमेरा’ म्हणतात आणि ज्याच्या बांधावर ते यंत्र लागते तो शेतकरी त्याला नुसते ‘कॅमेरा’ म्हणून मोकळा होतो. या नावातला सापळा प्राण्यासाठी लावलेला असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि हे यंत्र हौसेने विकत घेणाऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे ज्याला येथे सोयीसाठी ‘कॅमेराधारक’ म्हटले आहे त्याच्या, वर्तनाचे जरा बारकाईने निरीक्षण केले, तर सापळ्यात नेमके कोण अडकते याचा फेरविचार करावा लागतो. कारण बिबट्या कॅमेऱ्यासमोरून दोन सेकंदांत निघून जातो आणि धारक मात्र त्याच्याभोवती वर्षानुवर्षे घुटमळत राहतो.

या छंदाची वंशावळ चांगली खानदानी आहे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास तिसरे हे पेशाने वकील आणि काही काळ तेथील प्रतिनिधिगृहाचे सभासद होते, पण त्यांचा खरा जीव रात्रीच्या जंगलात गुंतलेला असल्याने त्यांनी आडव्या ताणलेल्या दोरीला प्राण्याचा पाय लागला की मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडून त्याच उजेडात छायाचित्र निघावे, अशी योजना केली. १९०६ सालच्या जुलै महिन्यात ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यांची ७४ छायाचित्रे छापली, तेव्हा या विद्वत्तापूर्ण नियतकालिकाचे चित्रांचे पुस्तक होऊ लागले या खेदाने संचालकांपैकी दोघांनी राजीनामे दिले, असे सांगितले जाते. भारतात हीच विद्या फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात शिवालिक आणि कुमाऊँच्या जंगलात चालवली व १९२७ मध्ये ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या काळात साहेबाने वाघाशेजारी बंदूक टेकवून छायाचित्र काढून घेणे हीच वन्यप्राणी छायाचित्रणाची व्याख्या होती, त्या काळात जिवंत वाघाला त्याच्याच पायाने स्वतःचे छायाचित्र काढायला लावणे ही सभ्यपणाची कमाल म्हटली पाहिजे. मात्र ऐन मध्यरात्री नाकासमोर भडका उडाल्यावर वाघाचे या सभ्यपणाविषयी काय मत झाले असेल, ते कोणत्याही ग्रंथात नोंदलेले आढळत नाही.

पुढे या यंत्राला छंदाच्या पातळीवरून सरकारी नोकरीत बढती मिळाली. भारतात १९६६ पासून सरोज राज चौधरी यांनी घालून दिलेल्या पद्धतीने वाघांची गणना पावलांच्या ठशांवरून होत असे. ठशावर काच ठेवून त्याची रेषाकृती उतरवून घ्यायची आणि त्या आकृतीवरून वाघ ओळखायचा, अशी ती पद्धत होती, आणि तिचा गुण असा की एकाच वाघाचे ओल्या मातीतले, कोरड्या धुळीतले आणि उतारावरचे पाऊल हे तीन वाघ म्हणूनही कागदावर सुखाने नांदू शकत. २००५ साली राजस्थानातील सारिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही हे उघड झाले, तेव्हा ठसे उमटवणारे पाय असल्याखेरीज ठशांवर विसंबू नये, एवढा बोध सर्वांना झाला. त्याआधीच १९९० च्या दशकात उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे कॅमेरा ट्रॅप लावून, वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाचे वेगळे असतात याच्या आधारे गणना करता येते, हे दाखवून दिले होते. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांशी जुळत नसल्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावावा लागतो. अन्यथा एकच वाघ जाताना एक आणि येताना दुसरा ठरतो.

कॅमेराधारकाने निराशेच्या क्षणी आठवावी अशी एक आकडेवारी याच गणनेतून मिळते. २०१८-१९ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले, त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे काढली आणि या प्रचंड उद्योगाची गिनीज विक्रमांत नोंद झाली. त्यांतली वाघांची छायाचित्रे ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७ होती. भागाकार केल्यास ज्या जंगलांत वाघ आहेत हे ठाऊक होते, त्या जंगलांतही तज्ज्ञांनी निवडलेल्या जागी दर साधारण साडेचारशे छायाचित्रांमागे एक वाघ पदरात पडला. मुळशी किंवा भोर तालुक्यात दहा गुंठे जमीन, तिच्यावर एक कौलारू घर आणि घरापुढे एक फणस एवढीच संपत्ती असलेल्या धारकाने पहिल्याच रात्री बिबट्याची अपेक्षा का धरावी, हा प्रश्न त्यामुळे गणिताच्या कक्षेतून निघून मानसशास्त्राच्या कक्षेत जातो. ही अपेक्षा खरेदीच्याही आधीची असते. बैठकीच्या खोलीतल्या कोणत्या भिंतीवर त्या बिबट्याची चौकट लागावी, यावर यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वीच घरात वाद झालेले असतात आणि बाजारातल्या तुरींवरून भांडणाऱ्या त्या प्रसिद्ध दांपत्याची परंपरा अखंड चालू राहते.

या यंत्राचा आत्मा त्याच्या भिंगात नसून भिंगाखाली बसवलेल्या, दुधी रंगाच्या आणि बारीक रेघारेघांच्या प्लॅस्टिकच्या खिडकीमागे असतो. तेथे ‘पीआयआर’ म्हणजे निष्क्रिय अवरक्त सेन्सर बसवलेला असतो. अवरक्त म्हणजे तांबड्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण, आणि निष्क्रिय म्हणजे स्वतः काहीही न सोडता समोरून जे येईल त्याची केवळ नोंद घेणारा. (ज्यांनी हयातीत एकदा तरी एखाद्या कार्यालयात अर्ज दाखल केला आहे, त्यांना या शब्दाचा अधिक खुलासा नको.) या सेन्सरला प्राणी दिसत नाही, त्याचा आकार दिसत नाही, ठिपके तर नाहीच नाहीत, पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाची एखादी वस्तू त्याच्या दृष्टिक्षेत्रातील एका पट्ट्यातून शेजारच्या पट्ट्यात सरकली, एवढेच त्याला कळते आणि तेवढ्यावरून तो झोपलेल्या कॅमेऱ्याला उठवतो. गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यात पाऊल पडताच लागणारा आणि किल्ली कुलपात शिरण्याच्या नेमक्या क्षणी विझणारा दिवा याच तत्त्वावर चालतो, आणि दारापुढे अंधारात हात हलवीत उभ्या असलेल्या रहिवाशाला हे तत्त्व पदार्थविज्ञानाच्या पदवीधरापेक्षा अधिक चांगले उमगलेले असते.

उष्णतेचा फरक आणि हालचाल या दोहोंची जोडी जमली की सेन्सर समाधानी होतो, आणि गवत ही जोडी फुकटात जमवून देते. सकाळी उन्हाने तापलेली एखादी गवताची काडी वाऱ्याने डुलली की कॅमेरा जागा होतो, तीन छायाचित्रे काढतो, पुन्हा झोपतो, काडी पुन्हा डुलते, आणि हा संवाद दुपारपर्यंत चालतो. आठवड्याभराने धारक कार्ड घेऊन येतो, घरातली सर्व मंडळी संगणकाभोवती जमतात आणि मग एकाच गवताची एकाच कोनातून घेतलेली तीनशे छायाचित्रे क्रमाने पाहिली जातात. पहिल्या वीसेक छायाचित्रांपर्यंत प्रत्येक सावलीत कान आणि प्रत्येक दगडात पाठ दिसत असते, पन्नासाव्या छायाचित्राला मुले उठून जातात, शंभराव्याला चहाचे निमित्त काढून पत्नी उठते, आणि शेवटपर्यंत बसलेल्या धारकाला त्या गवताविषयी वनस्पतिशास्त्राच्या संशोधकालाही नसेल इतकी सखोल माहिती झालेली असते. जून महिन्यात कोयत्याने साफ केलेली जागा ऑगस्टमध्ये पुरुषभर वाढते हे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही, परंतु शहरातून शनिवारी येणाऱ्या धारकाला ते गवत स्वतःच छायाचित्रांतून सांगते.

याच तत्त्वाचे दुसरे टोक विदर्भात अनुभवास येते. वाघाच्या किंवा चितळाच्या शरीराचे तापमान साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि चंद्रपूरचा मे महिना दुपारी ४५ अंशांचीही भीड ठेवत नाही; हवा, माती आणि प्राण्याची कातडी ही तिन्ही एकाच तापमानाला येऊन भेटतात त्या वेळी सेन्सरच्या लेखी समोरून कोणीच जात नसते. त्यामुळे सर्वांत महागडे यंत्रही उन्हाळ्यात दिवसाचा काही काळ डोळे उघडे ठेवून झोपते, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे योग्य नाही, कारण त्या वेळी चंद्रपुरातील माणसांचीही स्थिती याहून वेगळी नसते. साप, सरडे, बेडूक यांचे शरीर भोवतालच्या तापमानाशी मिळतेजुळते घेणारे असल्याने ते या सेन्सरला सहसा सापडत नाहीत. अंगणातला नाग ‘रंगेहाथ’ पकडण्यासाठी कॅमेरा घेणाऱ्याने ही गोष्ट पैसे मोजण्यापूर्वी ध्यानात घ्यावी.

निवडीच्या वेळी धारकाची नजर सर्वप्रथम मेगापिक्सेल या आकड्यावर जाते. मेगापिक्सेल म्हणजे चित्र ज्या ठिपक्यांनी बनते त्यांची दशलक्षांतली संख्या, आणि जाहिरातीत ती तीस-चाळीसच्या घरात असते. परंतु स्वस्त यंत्रांत प्रत्यक्ष ठिपके टिपणारा भाग त्याहून पुष्कळच लहान असून उरलेले ठिपके शेजारच्या ठिपक्यांकडे पाहून अंदाजाने भरलेले असतात, ज्याला गणितात अंतर्वेशन असे भारदस्त नाव आहे. आडातच नाही ते पोहऱ्यात आणण्याची ही कला महाराष्ट्राला नवी नाही. विवाहमंडळांच्या परिचयपत्रांतील उंचीच्या रकान्यात ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे.

खरा पाहण्याजोगा आकडा वेगळाच असून तो जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो. सेन्सरने प्राण्याची चाहूल घेतल्यापासून छायाचित्र निघेपर्यंत जो वेळ जातो त्याला ‘ट्रिगर स्पीड’ म्हणतात. चांगल्या यंत्रात तो सेकंदाचा पाचवा हिस्सा किंवा त्याच्या आसपास असतो आणि सुमार यंत्रात तो एका सेकंदाच्या पलीकडे जातो. एक सेकंद ही मुदत ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु रमतगमत चाललेला प्राणीही तेवढ्यात मीटरभर पुढे सरकतो, आणि मीटरभर पुढे सरकणे म्हणजे बहुतेक प्राण्यांच्या बाबतीत चौकटीबाहेर जाणे होय. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, ही म्हण ज्या कोणी रचली त्याच्यापुढे असेच एखादे मंद यंत्र असावे असा दाट संशय येतो. अशा यंत्राच्या मालकाकडे काही महिन्यांत शेपट्यांचा मोठा संग्रह जमा होतो आणि तो त्यांचे वर्गीकरण करू लागतो: जाड, उभी आणि टोकाला पांढरी असलेली शेपटी मुंगसाची नव्हे यावर तो ठाम राहतो, लांब आणि काळपट शेपटी फणसावर ताव मारणाऱ्या कांडेचोराची असल्याचे मान्य करतो, आणि वर वळलेल्या टोकाची शेपटी आळीतल्या मोत्या नावाच्या कुत्र्याची आहे हे साऱ्या घराला दिसत असताना ती बिबट्याचीच असल्याचा दावा निदान दोन आठवडे तरी सोडत नाही. वाटेकडे काटकोनात तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्यात शेपट्या अधिक मिळतात, तर तोच वाटेशी तिरका लावला की प्राणी चौकटीत अधिक वेळ राहतो, एवढी साधी दुरुस्ती या संग्रहाला कायमची खीळ घालू शकते. म्हणूनच कदाचित ती फारशी केली जात नाही.

रात्रीच्या प्रकाशाची व्यवस्था हा पुढचा पेच आहे. रात्री बहुतेक यंत्रे अवरक्त दिव्यांच्या उजेडात कृष्णधवल छायाचित्रे काढतात. यांतील ८५० नॅनोमीटर लहरींचे दिवे दूरवर उजेड पाडतात, परंतु ते लागले की विझत आलेल्या विड्यांसारखे तांबूस ठिपके अंधारात दिसतात, तर ९४० नॅनोमीटरचे दिवे माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाहीत, पण त्यांचा पल्ला तोकडा आणि चित्र दाणेदार येते. पहिल्या प्रकाराने रात्रीच्या वेळी चोराला कॅमेरा सापडतो आणि दुसऱ्याने कॅमेऱ्याला चोर नीट सापडत नाही, असा हा व्यवहार आहे. पांढरा फ्लॅश वापरल्यास रंग आणि पट्टे स्वच्छ येतात, तरी त्या लखलखाटाने काही प्राणी वाट बदलतात, आणि कांडेचोरासारखा सोशिक प्राणी मात्र लग्नाच्या मांडवात चालल्याप्रमाणे निर्विकारपणे चालत राहतो.

यंत्राला आठ किंवा बारा पेन्सिल सेल लागतात, ही बाब सर्व धारकांना ठाऊक असते आणि तरीही प्रत्यक्ष जागेवर पोहोचल्यावर एक सेल कमी निघतो. मग घरातील भिंतीवरचे घड्याळ, दूरदर्शन संचाचा रिमोट आणि मुलांच्या खेळण्यातली मोटार यांची पोटे रिकामी केली जातात, अर्धवट मेलेल्या आणि नव्या सेलांचे मिश्र सरकार यंत्रात स्थापन होते आणि कोणत्याही मिश्र सरकारप्रमाणे सर्वांत अशक्त घटक पडताच सगळे कोसळते. सेल पूर्ण उतरले की काही यंत्रांतील घड्याळ मूळपदावर जाते, म्हणून करवंदांनी लगडलेल्या जाळीपुढे उभ्या असलेल्या भेकरावर १ जानेवारीची तारीख उमटते आणि त्या शेजारी पहाटेचे बारा वाजलेले असतात. अशा पुराव्यावरून वन्यजीवांच्या दिनचर्येविषयी जे सिद्धांत मांडले जातात, त्यांत भेकरांचे हिवाळ्यातील करवंदप्रेम हा एक ठळक सिद्धांत असतो.

कॅमेरा बांधून झाल्यावर तो काम करतो की नाही हे पाहण्यासाठी ‘वॉक टेस्ट’ म्हणजे चालून पाहण्याची चाचणी सांगितलेली असते. कॅमेऱ्यासमोरून कोणी गेले की एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि सेन्सरच्या कक्षेची सीमा कळते. व्याघ्रगणनेत कॅमेरा जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे गुडघ्याच्या आसपास, बांधण्याची रीत असल्याने ताठ चालणाऱ्या माणसाच्या चाचणीला फारसा अर्थ नसतो आणि बिबट्याच्या उंचीने चालून पाहावे लागते. भोर तालुक्यातील एखाद्या बांधावर, भर सकाळी, वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ हातापायांवर रांगत आहेत, मध्येच थांबून दिव्याकडे पाहत आहेत, पुन्हा मागे जाऊन अधिक सावकाश आणि अधिक हिंस्रपणे रांगत आहेत, आणि जागेचा राखणदार खांद्यावरचे फावडे खाली न ठेवता हे सारे पाहत आहे, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला या छंदाचे वेगळे वर्णन करावे लागत नाही. चाचणी संपल्यावर ती छायाचित्रे पुसून टाकायचे सहसा राहून जाते. परिणामी कोणत्याही खासगी कार्डावर सर्वाधिक वेळा नोंदला गेलेला सस्तन प्राणी हा कॅमेराधारक स्वतःच असतो: त्याचे गुडघे, सेल बदलताना भिंगावर आलेली नाकपुडी, टोपी पडल्यावर उघडे झालेले टक्कल, आणि कॅमेरा चालू आहे का हे पाहण्यासाठी चालू कॅमेऱ्यात रोखून पाहणारा तो चेहरा. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक या नोंदींवरून सहज सांगू शकेल की हा प्राणी मुख्यतः शनिवार-रविवारी सक्रिय असतो, एकाच वाटेने ये-जा करतो, दर फेरीला आपली गंधखूण मागे ठेवतो आणि इतर प्राण्यांच्या अनुपस्थितीचे तो स्वतःच मुख्य कारण आहे.

येथे दोन गोष्टी हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात छायाचित्रणासाठी जायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ‘झाडाला एक डबा तर बांधायचा आहे’ हा युक्तिवाद तेथे चालत नाही, त्यामुळे हौशी माणसाचा कॅमेरा त्याच्या स्वतःच्या किंवा संमती मिळालेल्या खासगी जमिनीतच शोभतो. दुसरी गोष्ट अशी की वाटेवरून केवळ जनावरे जात नाहीत. उत्तराखंडातील कॉर्बेट परिसराविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जंगलात सरपणासाठी जाणाऱ्या स्त्रिया कॅमेऱ्यांच्या धाकाने मोठ्याने गाणे आणि बोलणे टाळू लागल्याचे आणि त्या शांततेमुळे हत्ती-वाघांशी त्यांची अचानक गाठ पडण्याचा धोका वाढल्याचे दिसून आले. घरात ज्या बाईला मोकळेपणी चार शब्द बोलता येत नाहीत तिला रानात ते बोलता येतात, आणि त्या रानातल्या झाडालाही आता डोळा फुटला आहे, हे कॅमेरा बांधणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. वाट कोणाची आहे हे गावात विचारून घेणे, कॅमेऱ्यावर तो कशासाठी आहे हे मराठीत लिहिणे आणि माणसांची छायाचित्रे पाहताक्षणी पुसणे, एवढे सौजन्य या छंदाच्या किमतीत धरलेच पाहिजे. खवले मांजरासारखा, शिकाऱ्यांच्या डोळ्यांवर आलेला प्राणी कार्डावर सापडला तर जागेचे नाव जगजाहीर न करणे हाही त्याच सौजन्याचा भाग आहे.

या सौजन्याची खरी कसोटी व्हॉट्सॲपवर लागते. कॅमेऱ्यातील चित्राला मोजपट्टी नसते. भिंगाच्या जवळून गेलेले रानमांजर आणि दूरवरून गेलेला बिबट्या चौकटीत सारखीच जागा अडवतात, आणि पाहणाऱ्याच्या मनात जे असते त्याप्रमाणे त्यांचे नाव ठरते. समोर दर दहा सेंटिमीटरला खूण केलेली एक काठी रोवली असता हा घोटाळा जागच्या जागी मिटतो; पण काठी रोवणारे थोडे आणि चित्र पुढे पाठवणारे फार. सकाळी सात वाजता कुटुंबाच्या गटात ‘कोणी ओळखेल का?’ या प्रश्नासह गेलेले रानमांजर आठ वाजता सोसायटीच्या गटात बिबट्याचे पिल्लू होते, दहा वाजता तालुक्याच्या गटात मादीसह दोन पिल्ले होतात आणि दुपारपर्यंत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पिंजरा लावण्याविषयी तेरा फोन गेलेले असतात. संध्याकाळी तेच चित्र मूळ धारकाकडे ‘सावधान, आपल्या परिसरात!’ या मथळ्याखाली परत येते, आणि तो रात्री कॅमेऱ्याचे सेल बदलायला जाण्याचे रद्द करतो.

वास्तविक बिबट्या परिसरात आहे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात फारसा उरलेला नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील उसाच्या आणि वस्त्यांच्या प्रदेशात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दर १०० चौरस किलोमीटरमागे ४.८ प्रौढ बिबटे आणि त्यांच्याच तोडीस तोड ५.० प्रौढ तरस असल्याचे अनुमान निघाले, आणि तेथे कोणतेही अभयारण्य नव्हते, होती ती माणसांची दाट वस्ती. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात व लगतच्या भागात २०१५ मध्ये निकित सुर्वे यांनी अंगावरील ठिपक्यांच्या रचनेवरून ३५ बिबटे वेगवेगळे ओळखले. त्या शहरात भाड्याच्या खोलीसाठी जेवढी कागदपत्रे लागतात तेवढी नसतानाही ते तेथे राहत आहेत, याचे मुंबईकराला कौतुक वाटल्यास नवल नाही. या अभ्यासांतील कॅमेऱ्यांची यंत्रे धारकाच्या यंत्रापेक्षा फार निराळी असतात असे नाही. फरक एवढाच की अभ्यासक आधी विष्ठा, पायांचे माग, झाडांवरील ओरखडे आणि वाटांचे फाटे हुडकीत गावकऱ्यांबरोबर दिवसच्या दिवस हिंडतात आणि नंतर कॅमेरा बांधतात, तर धारक आधी कॅमेरा बांधतो आणि बांधण्याची जागा निवडताना मागे डोंगररांग चांगली दिसते की नाही, पहाटेचे कोवळे ऊन तिरपे येईल की नाही, याचा विचार करतो; पूर्वेकडे तोंड केल्यास तेच कोवळे ऊन भिंगात शिरून रोज सकाळी पांढऱ्याफेक पडद्याची छायाचित्रे देते, म्हणून जाणकार कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवतात, ही गोष्ट त्याला पडद्याची दीडेकशे छायाचित्रे पाहिल्यावर कळते.

त्या काळात कॅमेऱ्यातही एक स्वतंत्र सृष्टी वस्तीला आलेली असते. सेन्सरच्या खिडकीपुढे कोळी जाळे विणतो आणि अवरक्त दिव्यांच्या उजेडात त्याचा एकेक तंतू दोरखंडाएवढा दिसतो. डब्याच्या सांध्यातून मुंग्या आपल्या अंड्यांसह आत शिरतात. पट्ट्याच्या आडोशाला पाल दोन पांढरी, गोटीएवढी अंडी घालून जाते. भिंगापुढे एकही वन्यप्राणी न आल्याची खंत करणाऱ्या धारकाने डब्याची मागची बाजू उघडून पाहिली, तर निदान तीन गणांतील प्राणी त्याला जागेवरच मिळतील.

दोन पावसाळे असे गेल्यावर धारक अखेर कॅमेरा उतरवायचे ठरवतो. राखणदार शिडी धरतो, कारण कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर असला तरी त्याला साखळीने लावलेले कुलूप चोराच्या भीतीने फांदीवर नेलेले असते. पट्टा सैल होतो, डबा हातात येतो, आणि खाली उतरताना धारकाचा हात झाडाच्या मागच्या अंगाला, कॅमेऱ्याने दोन वर्षांत कधीही न पाहिलेल्या बाजूला, टेकतो. तेथे छातीच्या उंचीवर सालीत खोल, समांतर ओरखडे असतात, काही जुने आणि डिंकाने भरलेले, काही अजून ओले. राखणदाराला या ओरखड्यांचे काहीच आश्चर्य वाटत नाही.

“तो व्हय,” तो शिडी घडी करीत म्हणतो, “आठवड्याला एक फेरी असतीच की त्याची. ह्या मागल्या वाटेनं. तुमचा डबा तिकडं तोंड करून बसलेला, मला वाटलं सायबास्नी गवतच बघायचं आसंल.”